खळ्यातला सूर्य

मी एक जुना तिवडा आहे. मित्रांनो, तिवडा म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब. गडमुडशिंगीच्या हंबीररावांनी तरुणपणी बाभळीचे खोड तासून मला इथे उभे केले. सुगीत माझ्याभोवती बैल फिरत आणि कणसांतून जोंधळा मोकळा होई. "तिवडा हाय का देवळाचा खांब!" असे पावणे म्हणत. मग मळणीयंत्र आले आणि माझ्यावर फक्त कावळे बसू लागले.

परवा हंबीरराव पहार घेऊन आले. "ट्रॅक्टर वळंना हितं. उपटतोच ह्येला."

त्यांची सहावीतली नात पूर्णिमा आडवी आली. "आज्जा, थांब की! आज आमचा वर्ग यायचाय. गुरू ग्रहाच्या वाटंवरनं लघुग्रह कसं फिरत्यात ते मला दाखवायचं हाय. ह्यो तिवडा माझा सूर्य हाय."

"बरं, मग सूर्य सांच्याला उपटतो."

वर्ग आला. मंजुळा म्हैस गुरू झाली, पोरी लघुग्रह. तिची दोरी सैल फासाने माझ्याभोवती अडकवली. लघुग्रहांचा एक घोळका गुरूच्या पुढे चालतो, दुसरा मागे. म्हणून पूर्णिमाने पुढच्यामागच्या पोरींच्या हातातल्या दोऱ्या मंजुळेच्याच गळ्यात बांधल्या. मंजुळा वैरणीकडे वळली आणि सगळे लघुग्रह धुळीत लोळले!

हंबीरराव पोट धरून हसले. "अगं येडे, ह्येनी फिरायचं कुणाभवती?"

"सूर्याभवती."

"मग म्हशीला का बांधलीस? तिवड्याला बांध की!"

त्यांनी स्वतःच सारख्या मापाच्या दोऱ्या माझ्या कमरेला अडकवल्या. म्हशीपासून घोळक्यापर्यंतचे अंतरही दोरीएवढेच हवे, असे पूर्णिमाने सांगितले. तेही त्यांनी मोजून दिले.

मग सगळे निघाले. पुढे पोरी, मध्ये मंजुळा, मागे पोरी. म्हैस रेंगाळली की घोळके रेंगाळत. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, पण अंतर मोडले नाही. हंबीरराव बैलांना घालायचे तशी हाळी घालत होते आणि मी आनंदाने करकरत होतो!

सांज झाली. पोरी गेल्या. हंबीरराव माझ्याजवळ आले, माझ्या बुडाशी मोकळी झालेली माती टाचेने दाबू लागले. "ऱ्हाऊ दे," ते पूर्णिमाला म्हणाले. "ट्रॅक्टर तिकडनं वळवतो."

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्याशी एकदा खेळून बघा. माझ्याभोवती आता पुन्हा गोल वाट उमटली आहे. तिच्यावर गवत उगवू देऊ नका.