दुपारची पाळी

न्हाणीघराच्या कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करायला आई स्टुलावर चढली, कारण वरच्या मजल्यावरच्यांचा नळ गळून गळून ओल कपाटात उतरली होती. केस झडलेला ब्रश, गोळा झालेली पावडर आणि त्यामागे पॅडचं मोठं पाकीट. तिने ते बाहेर काढलं, धूळ फुंकली, उलटसुलट करून पाहिलं. पाकीट फोडलेलंच नव्हतं.

ते तिनेच आणलं होतं, नेहमीसारखं, दोघींसाठी. मग तिची स्वतःची पाळी बंद झाली, आणि एकदाची ब्याद गेली म्हणून तिने त्या कप्प्याकडे पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही. पण घरात ती काही एकटीच बाई नव्हती. वीस वर्षांची मुलगी होती. मग पाकीट जसंच्या तसं कसं?

स्टुलावरून उतरताना तिने मनातल्या मनात महिने मोजले. नको नको म्हणताना तेच मनात येत होतं.

मुलगी स्वयंपाकघरात डावा पाय बर्फाच्या बादलीत घालून बसली होती. लहानपणी इतकी गुटगुटीत होती की सगळे तिला ढब्बू म्हणत, आणि ते नाव तसंच चिकटलं. आता आठशे मीटर पळणाऱ्या या ढब्बूच्या गळ्याखालची हाडं लांबूनही दिसत होती.

"ढब्बू, मला काही सांगायचंय का तुला?"

"कशाबद्दल?"

आईने पाकीट टेबलावर आपटलं.

"अगं, ते होय! मला नाही लागत ते."

"नाही लागत म्हणजे?"

"येतच नाही मला. बरेच महिने झाले. आमच्यात बऱ्याच जणींचं तसंच आहे. सर म्हणतात, चांगली खूण आहे. तयारी नीट चाललीय म्हणून."

"सर म्हणतात? हे सरांना सांगतेस आणि आईला नाही?"

"तू विचारलंस कधी?"

आईने पाकीट टेबलावरून उचललं. तिच्या डोक्यात आता सर शिरले होते. पोरीच्या पाळीशी या माणसाचा संबंध काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मैदानावर गेली. अंगावर बसचालकाचा गणवेश, म्हणजे कोणी विचारलंच तर कामावर निघालेय असं सांगता आलं असतं, आणि खरं सांगायचं तर गणवेशात भांडायला तिला जरा जोर यायचा. सर कुंपणाशी उभे राहून मुलींची वेळ घेत होते.

"सर, माझ्या मुलीचं काय चाललंय?"

"झकास चाललंय, ताई! पुढच्या महिन्यात निवड चाचणी. पहिल्या दोघींत आली की थेट देशाच्या संघात. आणि येणार ती, लिहून देतो."

"पळण्याचं नाही विचारत मी. तिची पाळी का येत नाही? आणि ते तुम्हाला कसं माहीत?"

सरांच्या तोंडातली शिटी गळून छातीवर लोंबायला लागली. कानापर्यंत लाल झाले ते.

"ताई, अहो, भलतंच काय! पूर्वी मुली यायच्या, पोटात दुखतंय, आज सुट्टी द्या. आता कोणी मागत नाही. विचारलं तर म्हणाल्या, येतच नाही. मी शाबासकी दिली."

"शाबासकी?"

"आम्हाला तसंच शिकवलंय, ताई. वजन उतरलं, ते थांबलं, म्हणजे मुलगी तयार झाली. चुकलं का काही माझं?"

त्या चेहऱ्यावर पाप शोधून सापडेना. बाई कॉलर धरायच्या तयारीने आली होती, आणि हा माणूस तिलाच विचारत होता. ती नुसतीच "बघू" म्हणाली आणि परत फिरली. भांडण राहूनच गेलं, त्यामुळे तिचा दिवसभर जीव रमला नाही.

त्यानंतरच्या सकाळी तिने ढब्बूला बखोटीला धरून दवाखान्यात नेलं. दवाखाना तिच्याच बसच्या मार्गावर होता. रोज चार वेळा ती त्याच्या दारात बस थांबवायची, आत मात्र आज पहिल्यांदाच शिरली. डॉक्टर पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई होत्या.

"पाळी कधीची?" त्यांनी खाली बघत विचारलं.

"दुपारची," आई म्हणाली. "दोन वाजता गाडी बाहेर काढायची असते मला."

डॉक्टरांनी मान वर केली, गणवेश पाहिला आणि त्यांना हसू आवरेना. ढब्बूही फिसकन हसली. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पोरगी हसली ते बरंही वाटलं.

मग तपासण्या झाल्या. बाटलीत लघवी देऊन ढब्बू परत आली तेव्हा आईने मनात सगळ्या देवांना हात जोडले होते.

"दिवस वगैरे काही गेलेले नाहीत," डॉक्टर म्हणाल्या.

"सुटले रे देवा!" आईच्या तोंडून मोठ्यानेच निघालं. तिचा जीव भांड्यात पडला.

ढब्बूने गर्रकन वळून पाहिलं. "तुला असं वाटत होतं?"

आईने पर्सचा बंद घट्ट केला.

"लगेच सुटले म्हणू नका," डॉक्टर म्हणाल्या. "ही जेवढी पळते, त्या मानाने खात नाही. आहे त्यात भागवायचं म्हणून शरीर काटकसर करतं. पाळी ही त्याला आज नसली तरी चालणारी गोष्ट. ती पहिली बंद. पण पाळीसाठी जी द्रव्यं लागतात, तीच हाडंही सांभाळतात. तुमच्या वयाच्या बाईची हाडं जशी विरळ व्हायला लागतात, तसं हिचं आत्तापासून सुरू झालेलं असू शकतं."

"पण सर तर म्हणतात, चांगली खूण आहे," ढब्बू म्हणाली.

"नाही. चांगली नाही."

आई खुर्चीत पुढे सरकली. "मग पुढे मूलबाळ होईल ना हिला?"

"बहुतेक होईल. नीट खाल्लं, सराव कमी केला, की शरीर सहसा ताळ्यावर येतं. किती दिवसांत, ते आज नाही सांगता येणार."

आईच्या डोळ्यांना धार लागली. आत्ता आत्तापर्यंत ती मूल नसू दे म्हणून हात जोडत होती आणि आता मुलासाठी रडत बसली होती. आपल्याला नक्की काय हवंय, तिचं तिलाच कळेना.

"कुठे दुखतंखुपतं का?" डॉक्टरांनी ढब्बूला विचारलं. "पाय, कंबर?"

"नाही," ती झटकन म्हणाली आणि आईकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. कळायला आईला वेळ लागला नाही.

गप्प बसणं सोपं होतं. चाचणी होईल, पोरगी संघात जाईल, मग बघू. आईने घसा खाकरला.

"डावी नडगी दुखते. रोज बर्फात पाय घालून बसते."

डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला. ढब्बू ओरडली नाही, फक्त तिने खुर्चीची कड धरली.

"फोटो काढू या. पण हाडाला चीर असावी, असं वाटतंय. पळणं आजपासून बंद."

"चाचणीनंतर."

"आजपासून."

दोघी पायऱ्या उतरल्या. फाटकाशी ढब्बू थांबली.

"आधी तुला मूल नको होतं. मग हवं झालं. दोन्ही वेळा तुझं मूलच चाललं होतं. माझं काय?"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी..."

"माहितीय. पण पळण्याबद्दल एक शब्द विचारलास तू त्यांना? एक?"

ती रस्ता ओलांडून घराकडे चालायला लागली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून लंगडत.

दोन वाजता आईने गाडी बाहेर काढली. पहिल्या फेरीला दवाखाना आला तसा गेला. दुसऱ्या फेरीला थांब्यावर माणसं उतरली, चढली, तरी तिचा हात दाराच्या बटणावर जाईना. शेवटी तिने ब्रेक ओढला, किल्ली काढून खिशात टाकली आणि सरळ खाली उतरली.

"ओ बाई, चहाला निघालात का?" मागून कोणीतरी ओरडलं.

डॉक्टर एका भरल्या दिवसांच्या बाईचा रक्तदाब घेत होत्या. आई दारातच उभी राहिली.

"ती परत पळेल का?"

"कोण?"

"माझी मुलगी. सकाळची, नडगीवाली. नको नको ते सगळं विचारलं मी, हेच राहिलं."

"तिने पाठवलंय तुम्हाला?"

"छे. ती माझ्याशी बोलत नाहीये."

डॉक्टरांनी कानांतल्या नळ्या काढल्या. "बसा जरा."

"बसता नाही यायचं. गाडीत माणसं आहेत."

"पळेल," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ता थांबली तर."

"तेवढ्याच जोरात?"

"ते मला माहीत नाही."

"मग कोणाला माहीत असतं?"

डॉक्टरांनी नळ्या पुन्हा कानांत घातल्या. तपासणी टेबलावरची बाई आपल्या पोटावर हात ठेवून या गणवेशातल्या बाईकडे बघत राहिली. बाहेर कोणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता.

आई परत येऊन बसली तेव्हा मागे चांगलाच गलका चालला होता. तिने कोणाला उत्तर दिलं नाही. पहिल्याच बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते, ते पुढे वाकून हळूच म्हणाले, "काय झालं? घरचं कोणी आजारी आहे का?"

"मुलगी."

"काय म्हणाले मग डॉक्टर?"

"पळेल म्हणाल्या." आईने किल्ली फिरवली. "थांबली तर."

"आँ? थांबली तर पळेल? म्हणजे काय हो?"

"मलाही नाही कळलं, काका," आई म्हणाली आणि आरशात बघून तिने गाडी रस्त्यावर घेतली.