खंडेनवमीची सही

घणसोली गावातल्या त्या भाड्याच्या स्वयंपाकघरात खंडेनवमीला चूल पेटत नसे. हा नियम राजलक्ष्मीबाई भोईटे यांनी घालून दिला होता, आणि वाशीच्या बाजारातल्या माथाडींना जेवण पुरवणाऱ्या त्यांच्या बचत गटात तो मोडण्याची कोणाची छाती नव्हती.

चौरंगावर झारे, विळ्या, लाटणी मांडून झाली, तेव्हा बाईंनी पर्समधून स्मार्ट कार्डही काढलं. गटात अंगठा उठवणं बाईंनी बंद करून प्रत्येकीला सही गिरवायला लावली होती, आणि अध्यक्ष म्हणून त्यांची स्वतःची डिजिटल सही त्या कार्डानेच होई. म्हणजे तेही हत्यारच. त्यावरची सोनेरी चिप हे त्याचं कपाळ, असं ठरवून त्यांनी तिथे ठसठशीत हळदकुंकू लावलं.

दीड वाजता सून गीतांजली लॅपटॉप घेऊन धावत आली.

"आत्या, जेवणाच्या टेंडरच्या एका पानावर तुमची सही राहिली आहे. तीनपर्यंत झाली नाही तर आपला अर्ज बाद."

अर्ज बाद म्हणजे बावीस बायकांचं काम बंद. दारात उभ्या असलेल्या गटातल्या राहीबाई आणि गोजरा यांनी, करण्यासारखं काही नसतानाही, पदर खोचले.

"कार्ड घेऊ ना?"

"पूजेतलं हत्यार उद्या उत्तरपूजा झाल्याखेरीज उचलायचं नाही."

"आत्या, टेंडर जाईल!"

"कार्ड जागचं हलणार नाही. तुझ्या यंत्राला इकडे यायला कोणी मनाई केली आहे? ते पूजेत नाही. त्याला सुट्टी नाही."

तेव्हा लॅपटॉप चौरंगापाशी आला. गीतांजली पालथी पडून कार्ड रीडर त्या कार्डावर अलगद सरकवू लागली, आणि धक्क्याने एखादं लाटणं घरंगळू नये म्हणून राहीबाईने चौरंग दोन्ही हातांनी धरून ठेवला. एवढ्या सायासानंतर पडद्यावर उमटलं: कार्ड आढळले नाही. गीतांजलीने वायर बदलली, लॅपटॉप बंद करून सुरू केला, सॉफ्टवेअर पुन्हा बसवलं. कार्ड आढळेना. अखेर तिने रीडर मागे घेऊन वाकून पाहिलं.

"आत्या, चिपवर कुंकू आहे. पुसावं लागेल."



"सणाच्या दिवशी कुंकू पुसतेस?" बाईंचा आवाज मुळीच चढला नव्हता, म्हणून गोजरा दोन पावलं मागे सरकली.

"मग काय करू?"

बाईंनी वाकून कार्ड न्याहाळलं. "माझाच अंदाज चुकला. त्याचं कपाळ जरा वर आहे. कुंकू वर घे."

गीतांजलीने ओल्या कापसाने कुंकू चिपवरून उचललं आणि वर, कोऱ्या जागी, टेकवलं. पुसलं नाही, वर घेतलं. चिप कोरडी झाल्यावर रीडरचा हिरवा दिवा लागला आणि पिन मागितला गेला.

"सगळ्यांनी तोंडं फिरवा," बाई म्हणाल्या. त्यांनी सहा आकडे दाबले. पिन चुकीचा. पुन्हा, एकेक बोट रोवून दाबले. पिन चुकीचा.

"थांबा!" गीतांजली भिंतीकडे तोंड करूनच ओरडली. "तिसऱ्यांदा चुकलं तर कार्ड कायमचं बंद."

"माझा पिन मला पाठ आहे."

"पिन सांगू नका. त्यात नसलेला एखादा आकडा कोऱ्या पानावर दाबा."

बाईंनी दाबला. गीतांजलीने वळून पाहिलं. पानावर ठळक ७ उमटला होता.

"आत्या, सकाळी तुम्ही यावर पत्र लिहिलंत तेव्हापासून मराठी कीबोर्डच चालू आहे. कार्डाला मराठी आकडे कळत नाहीत."

"मग शिकव त्याला."

"दहा मिनिटांत?"

बाईंनी आयुष्यात चेकवरसुद्धा इंग्रजी आकडा लिहिला नव्हता; बँकेच्या तीन मॅनेजरांना त्यांनी त्यापायी घाम फोडला होता. त्यांनी दाराकडे पाहिलं. तिथे भिंतीकडे तोंड करून उभी असलेली राहीबाई मुसमुसत होती.

"कर ते इंग्रजी," बाई म्हणाल्या. "आणि तू पुन्हा तोंड फिरव."

सहा आकडे. दोन वाजून त्रेपन्न मिनिटांनी पडद्यावर हिरवी खूण उमटली: सही वैध. अर्ज स्वीकारला.

गोजराने देवाला हात जोडले. राहीबाई डोळे पुसत पुढे आली आणि पडदा वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागली.

"सही कुटं हाय, अक्कासाहेब?"

"ती हीच. ही हिरवी खूण," बाई म्हणाल्या.

"एवढीच?" राहीबाई म्हणाली. "मंग आमचा अंगठा काय वाईट होता?"