डब्यात राम नाही

मारुतीच्या पारावर लाल फडक्यात बांधलेला कॉम्प्युटरचा डबा ठेवला होता आणि अर्धे गाव त्याच्यापुढे हात जोडून बसले होते. डब्याला हळदकुंकू लागलेले, वर लिंबू, आणि शेजारी डोळे मिटून माळ ओढणारे महाराज. माळेवर माळ झाली, तास उलटला, तेव्हा महाराजांनी शंख उचलला आणि डब्याच्या मागच्या जाळीला टेकवून असा फुंकला की पारावरचे कावळे उडाले. मग चौघांनी पालखी उचलावी तसा डबा उचलून सरपंच हिंमतरावांच्या खोलीत नेला. वायरी जोडल्या, बटण दाबले, पडदा उजळला.

"राम आला, राम आला," असा गलका झाला. बायांनी डब्याला ओवाळले. मी या गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून प्रत्येकाने वळून माझे तोंड पाहिले. मनकर्णाबाई तर समोर येऊन म्हणाल्या, "बोला मास्तर, आता काय म्हणता?" मेलेला डबा उठून बसलेला मीही पाहिला होता. मी शाळेची वाट धरली.

ते बोंडअळीचे साल होते. बीटी कापसाला अळी लागत नाही, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. अळी तेवढी धरून चालली नव्हती. बोंड फोडावे तर आत गुलाबी अळी सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी निवांत बसलेली. नुकसानीचे अर्ज कॉम्प्युटरवरून भरायचे होते आणि गावात कॉम्प्युटर एकच, दीपमालाच्या ताब्यातला.

दीपमाला म्हणजे मनकर्णाबाईंची सून. एसटीने मोताळ्याला जाऊन-येऊन तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला, तेव्हा याच गावाने तिला नावे ठेवली होती. पुढे पंचायतीने ठराव करून अर्ज भरायचे केंद्र तिलाच दिले. सरपंच हिंमतराव मनाचे मोठे, त्यांनी ओसरीला लागून असलेली खोली दिली. खोलीच्या मागच्या अर्ध्या भागात भाव चढायची वाट पाहत त्यांचाच कापूस आढ्यापर्यंत भरलेला होता. पुढे टेबल, टेबलाखाली डबा, आणि खुर्चीत दीपमाला.

अर्जांची गर्दी सुरू झाली आणि डब्याने नखरे सुरू केले. सकाळच्या थंडीत बरा चालायचा. ऊन चढले की चालता चालता धाडकन बंद. लगेच सुरू करावा तर क्षणभरात पुन्हा काळोख. शेवटी हिंमतरावांनी खामगावला सईदभाईंना फोन लावला. हा जुना डबा त्यांच्याच दुकानातून आणलेला. सईदभाईंनी ऐकून घेतले आणि सांगितले की मशीन जुने आहे, त्यात रॅम कमी आहे, तो वाढवावा लागेल. बाकी आणून दाखवल्याशिवाय कळणार नाही. हिंमतरावांना त्यातले जेवढे ओळखीचे वाटले तेवढे त्यांनी घेतले. फोन खिशात ठेवून ते रांगेतल्या लोकांना गंभीरपणे म्हणाले, "सईदभाई म्हणते, डब्यात राम कमी हाय."

मग मागून कोणीतरी म्हणाले, "सईदभाई मुसलमान माणूस. तो सांगून राह्यला राम कमी हाय, तं खोटं काऊन सांगीन?"

या तर्कापुढे मी काय, कोणीही हरला असता. शिवाय आमच्या भाषेनेच घात केला. बैल म्हातारा झाला की त्यात राम नसतो, दोर झिजला की त्यात राम नसतो, पुढाऱ्याच्या भाषणात तर कधीच नसतो. मग डब्यात का असावा? दीपमाला परोपरीने सांगत होती की राम नव्हे, रॅम. कॉम्प्युटरची काम करतानाची आठवण, एक लहानशी पट्टी असते. लोक मान डोलवत होते आणि म्हणत होते, हाव, तेच तं, राम.

असा राम कमी पडल्याची बातमी चिखलीपर्यंत गेली आणि तिथून महाराज मुक्कामालाच आले. त्यांना आमचे गाव नवे नव्हते. हंगामाच्या सुरुवातीला त्यांनी बोंडअळीवर मंत्रलेला अंगारा दिला होता. अळीने त्या अंगाऱ्यासकट कापूस खाल्ला, पण हे कोणाला आठवेना. आता महाराज म्हणू लागले की यंत्र म्हणजे देह, वीज म्हणजे प्राण, आणि उंदीर म्हणजे गणपतीचे वाहन, तो टेबलावर असतोच. मग रामाशिवाय देह चालेल कसा? माऊसचा हा अर्थ ऐकून म्हातारी माणसे गहिवरली.

रोज दुपारी डबा मरायचा, रोज महाराज त्याला पारावर नेऊन राम भरायचे, आणि तो पुन्हा थोडा वेळ चालायचा. एवढ्यावर थांबते तरी मी गप्प बसलो असतो की काय, देव जाणे. पण एके दिवशी महाराजांनी डोळे उघडून दीपमालाकडे बोट केले आणि म्हणाले की आपण राम भरतो, पण या हाताखाली तो टिकत नाही. या हातातच राम नाही. उपाय त्यांच्यापाशी तयार होता. त्यांच्या पुतण्याचे चिखलीला कॉम्प्युटरचे दुकान. तो सिद्ध केलेले नवे यंत्र घेऊन येईल आणि खुर्चीवरही तोच बसेल. हिंमतरावांनी खाली पाहत होकार दिला. पुतण्या मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी यायचा होता.

त्या संध्याकाळी दीपमाला शाळेत आली. डोळे लाल होते. "सर, खुर्ची गेली तं जाऊ द्या. पण माह्या हातानं बंद पडते म्हणतेत. घरी आत्याबाई मले दिवा लावू देत नाहीत आता."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, मनकर्णाबाई. मला फार वाईट वाटले. कॉम्प्युटरमधले मला ओ की ठो कळत नाही, पण प्रश्न विचारता येतात. डबा कधी बंद पडतो? महाराज नेमके काय काय करतात? ती सांगत गेली. वायरी काढतात, डबा बाहेर वाऱ्यावर नेतात, तासभर जप, मग शंख, मग परत. मी म्हटले, यातले सगळे कर, फक्त मंत्र सोडून दे, बघू काय होते. मग तिनेच सईदभाईंना फोन लावला, आवाज मोठा केला आणि कापसाच्या खोलीपासून महाराजांच्या शंखापर्यंत सगळे सांगितले.

सईदभाई आधी पोट धरून हसले. "माह्या नावावर राम विकून राह्यले का?" मग कामाचे बोलले. "पाय पोरी, रॅम कमी असला तं मशीन हळू चालते, अडकते. धाडकन बंद होत असन तं ते गरम होऊन राह्यलं. आंदर पंखा हाय, तो पाय. मले हिंमतरावनं फक्त बंद पडते म्हणून सांगलं, खोलीत कापूस हाय हे कोणीच नाही सांगलं."

दीपमालाने फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा पालटला होता. मी म्हटले, आत्ताच उघडून पाहू. ती म्हणाली, नाही, उघडायचं तं सगळ्यांसमोर.

बाजाराच्या दिवशी बाजार ओस आणि हिंमतरावांची ओसरी भरलेली. पुतण्या जीपमधून नवे यंत्र घेऊन आला. दुपार झाली, जुना डबा नेमाने मेला. महाराज माळ काढू लागले तेव्हा दीपमाला उभी राहिली. तिने महाराजांना नमस्कार केला आणि विचारले, आज बाहेर न नेता इथेच, आत्ताच राम भराल का? महाराज म्हणाले, "रामाले घाई चालत नाही, बाई." मग ती हिंमतरावांना म्हणाली की खुर्ची देण्याआधी एकदा मलाही करून पाहू द्या. हिंमतराव न्यायाने वागणारे, त्यांनी हो म्हटले.

तिने डबा पारावर नेला. हळद नाही, कुंकू नाही, लिंबू नाही. पदराआडून तिने बीटी बियाण्याचे रिकामे पाकीट काढले आणि पोथी वाचावी तशा सुरात त्यामागची बारीक अक्षरे वाचायला लागली. जमिनीची निवड, दोन झाडांतले अंतर, खताची मात्रा. लोक हसत होते, महाराज सर्वांत मोठ्याने. पाकीट संपले की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. पुढे पुढे हसू ओसरले आणि लोक ऐकू लागले.

"सोबतच्या लहान पुडीतील साधे बियाणे शेताच्या कडेने चारही बाजूंनी अवश्य पेरावे," असे तिने पुन्हा वाचले, तेव्हा हिंमतराव पुढे झाले.

"हे त्याच्यावर लिहेल होतं?"

"हाव काका. दरवर्षी असते."

ती लहान पुडी प्रत्येक पाकिटातून निघायची आणि प्रत्येकाने ती बांधावर फेकलेली होती. बिनकामाचे बी कोण पेरणार? मग मीच समजावले की कडेला साधा कापूस असला तर त्यावर वाढलेल्या साध्या अळीशी संकर होत राहतो आणि बीटी पचवणारी अळी इतक्या लवकर माजत नाही. एकट्या आमच्या गावाने पेरून सगळी अळी टळली असती असे नाही, पण महाराजांचा अंगारा आम्ही माथ्याला लावला होता आणि हे वाचलेही नव्हते. मला ते सांगताना लाज वाटली, कारण माझ्या भावाच्या शेतातली पुडीही बांधावरच गेली होती.

तास भरला तसा डबा आत आणला, बटण दाबले, पडदा उजळला. महाराज म्हणाले की कालचा आमचा राम शिल्लक होता. दीपमालाने खुर्ची सोडली आणि पुतण्याला म्हणाली, "मंग तुम्ही बसा दादा. तुमच्या हातात हाय ना." पुतण्या बसला. त्याने एक अर्ज उघडला, निम्मा भरला, आणि डबा धाडकन बंद पडला.

पहिले हसू मनकर्णाबाईंचे आले.

दीपमालाने वायर भिंतीतून काढली, पेचकसाने डब्याची बाजू उघडली आणि सगळ्यांना जवळ बोलावले. आत पंखा होता म्हणून बरे, दिसत तर नव्हता. त्याच्यावर आणि खालच्या जाळीवर रुईचा थर गादीसारखा बसला होता. खोलीतल्या कापसाची ती उडती रुई. तिने सांगितले की या पंख्याखाली डब्याचा मेंदू आहे, तो कामाने तापतो. वारा मिळाला नाही की जळून जाऊ नये म्हणून स्वतःच बंद पडतो, आणि पारावर तासभर थंड झाला की उठतो. मंत्र म्हणा नाहीतर पाकीट वाचा.

लोकांनी महाराजांकडे पाहिले. महाराजांनी पुतण्याकडे पाहिले. बिचारा पोरगा घाबरला आणि खरे बोलून बसला. "मी तं तुम्हाले सांगलंच होतं काका, थंड झालं की सुरू होते म्हणून."

महाराजांना कोणी हात लावला नाही. नवे यंत्र त्यांनी स्वतःच जीपमध्ये चढवले, आणि त्या दिवशी चौघे सोडा, एकही जण उचलू लागला नाही.

दीपमालाने चिमट्याने रुईचा गोळा काढला, कोरड्या ब्रशने पंखा झाडला, सायकलच्या पंपाने जाळीत हवा मारली. त्या दुपारी ऊन तापले, कलले, दिवेलागण झाली, तरी डबा चालत राहिला. शेवटच्या माणसाचा अर्ज गेला तेव्हा मनकर्णाबाई सुनेजवळ आल्या. तो रुईचा गोळा त्यांनी तळहातावर घेऊन वात वळली होती. ती दीपमालाच्या हातात देत म्हणाल्या, "चाल घरी. दिवा तूच लाव."

पुढे केंद्र शाळेच्या खोलीत हलले. सईदभाई खामगावहून येऊन रॅमची एक पट्टी बसवून गेले, आणि अडकत चालणारा डबा झपाट्याने चालू लागला. नवे यंत्र लागलेच नाही. आधी दुखणे ओळखले म्हणून थोडक्या औषधात भागले. मला सांगायचे आहे ते एवढेच. काही बंद पडले तर हात जोडण्याआधी झाकण उघडा. देव कुठे जात नाही, तो झाकण उघडेपर्यंत थांबतो. आणि एखाद्याच्या हाताला दोष देण्याआधी तोच डबा दुसऱ्याच्या हाती देऊन पाहा.

मृगाच्या आधी मी केंद्रावर बसलो होतो. हिंमतराव आले, त्यांच्यामागे आणखी बरेच जण, प्रत्येकाच्या हातात बियाण्याचे नवे पाकीट. हिंमतरावांनी आपले पाकीट टेबलावर ठेवले आणि चष्मा पुसत खाली बसले.

"वाच वं पोरी," ते म्हणाले. "यंदा आधी ऐकतो, मंग फोडतो."