आजपासून सगळेच गरोदर

मी एक जुनं काचेचं कपाट आहे. युगांडातल्या एका रुग्णालयात, कर्करोगाच्या वॉर्डाशेजारी माझी खोली आहे. मित्रांनो, मला कपाट म्हणतात, पण माझ्यात काही साठवायचं नसतं. कर्करोगाची औषधं रोग्याला तारतात. मात्र ती मिसळणाऱ्या परिचारिकेच्या अंगावर उडाली, श्वासात गेली, तर तिलाच आजारी पाडतात. माझ्या पोटात औषध मिसळलं, की त्याची वाफ डोक्यावरचा पंखा ओढून गाळून टाकतो.

मला लॉरीतून उतरवलं, तेव्हा परिचारिकांनी आनंदाने गलका करून खोली डोक्यावर घेतली होती. तोवर त्या खिडकीपाशी टेबलावरच औषधं मिसळत. डोकी दुखत, हातांवर चट्टे उठत. नाबुकीराची तर दोन बाळं पोटातच गेली होती.

काही वर्षं माझा मोठा मान होता. मग पंखा बंद पडला. दुरुस्तीवाला उद्या येणार, उद्या येणार, असं नुसतं ऐकत राहायचं. औषधं पुन्हा टेबलावर गेली आणि माझ्यात चहाचे मग येऊन बसले! लाजेने माझी काच काळवंडायची तेवढी राहिली.

एका सकाळी मिसळायची पाळी नाबुकीराची होती. ती हातमोजे घालून टेबलापाशी आली, पण तिचा हात उचलेना. सगळ्यांना कळलं. भिंतीवर पाटी होती, ‘गरोदर असाल तर सांगा’. पण इथे पोट दिसेपर्यंत ती गोष्ट कुणी ओठांवर आणत नाही. नजर लागते म्हणतात. माझा जीव नुसता तुटत होता.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर तेओपिस्ता आल्या. त्यांनी काहीच विचारलं नाही.

“हातमोजे काढ गं,” त्या म्हणाल्या. “आजपासून या खोलीत सगळेच गरोदर! पंखा फिरेपर्यंत कुणी औषधाला हात लावायचा नाही.”

“सिस्टर, मीसुद्धा?” जाडजूड किगुंदूने विचारलं. तोही परिचारकच.

“तू तर आधी! तुझं पोट केव्हाचं दिसतंय.”

नाबुकीरा हसता हसता रडायला लागली.

डॉक्टर धावत आले. “अहो सिस्टर, रोगी खोळंबलेत! मिसळणार कोण?”

“मोठ्या रुग्णालयातून तयार पिशव्या मागवा. नाहीतर हे टेबल, ही खिडकी. बसा तुम्हीच.”

डॉक्टरांनी टेबलाकडे पाहिलं आणि फोन काढला. दुपारपर्यंत पिशव्या आल्या, आणि त्याच आठवड्यात दुरुस्तीवालाही उगवला. माझ्यातले चहाचे मग सिस्टरांनी सरळ कचऱ्यात टाकले. पंखा घरघरला तेव्हा मला नाचावंसं वाटलं!

केळींना नवे घड लागले, तेव्हा नाबुकीरा दाराच्या काचेपलीकडे उभी राहिली. तिने आपली गुबगुबीत लेक उंच धरून मला दाखवली. आत मात्र ती आली नाही; सिस्टरांनी येऊच दिलं नसतं.

मित्रांनो, आमचे पंखे बंद पडू देऊ नका. आणि कुणाला जपायचं असेल, तर आधी तिचं गुपित विचारत बसू नका. सगळ्यांनाच जपा.