कौशल्याचं जेवण होईपर्यंत

आमच्या लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती आणि कौशल्या एकदाही माझ्यासमोर बसून जेवली नव्हती. यात भांडण नव्हतं. मी ताटावर बसायचो, ती चुलीपुढं. एक भाकरी माझ्या ताटात पडली की दुसरी तव्यावर असायची. पोट भरलं की मी चतकोर भाकरी आणि तिच्याबरोबरचं थोडं कोरड्यास ताटात ठेवून उठायचो. मग ती त्याच ताटात वाढून घ्यायची. माझी आई असंच करायची, तिचीही.

लग्नानंतर अकरा हंगाम आम्ही ऊस तोडला. तोडीवर नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. तिथल्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, आमच्याकडं एकच ताट होतं, म्हणून एकामागं एक जेवावं लागायचं. पुढं मी परळीत एका खताच्या दुकानात कामाला लागलो. मग सिरसाळ्याला स्वतःचं बी-बियाणांचं दुकान टाकलं. घरात डझनभर ताटं झाली, पण ती जेवायची माझ्याच ताटात, माझ्यामागून.

मागच्या वर्षी बियाणांच्या कंपनीनं चांगली विक्री करणाऱ्या दुकानदारांना जोडीनं जहाजाची सहल दिली. मुंबईहून निघायचं, समुद्रावर फिरायचं, तिसऱ्या दिवशी सकाळी परत मुंबई. जिल्ह्यातले आम्ही पाच जण होतो. मी म्हणालो, आपलं काय काम तिथं, अभिमन्यूला आणि सुनेला पाठवू. अभिमन्यू माझा मुलगा. कौशल्या दुकानात खताच्या गोणीवर बसून पावत्या लावत होती.

"कावून? बक्षीस त्यानं मिळवलंय का?" ती म्हणाली.

"तू समुद्रात जाऊन करणार काय?"

"जेवणार. दीपा सांगत व्हती, तिथं बसल्या जागी आणून देतेत. वाढाय मानूस असतो. मंग मला उठायचं कामच न्हाई. तुमच्या म्होरं बसून जेवणार मी. पार शेवटपर्यंत."

दीपमाला आमची मुलगी. अंबाजोगाईला नर्स आहे. तिनं आईला मोबाईलवर जहाजावरच्या जेवणाचे व्हिडिओ पाठवले आणि एक स्टीलचा काटा आणून दिला. कौशल्या दुपारी गिऱ्हाईक नसताना ते बघत बसायची.

"अवो, हे बघा," एक दिवस ती म्हणाली. "सुरी आन् काटा ताटात फुलीवानी ठेवला म्हंजी आजून जेवायचंय. शेजारी शेजारी ठेवला म्हंजी झालं. मंग ते ताट उचलून नेतेत. तोंडानं सांगायची गरज न्हाई."

"आता चमच्यांनी बी बोलायचं का?"

ती भाजी चिरायची सुरी आणि तो काटा घेऊन भाकरीवर सराव करायची. भाकरी तुटायची, उडायची. मी एकदा दुकानात दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "आमच्या मंडळींना वाटतंय आजून तोडीवरच हाय. भाकरी बी कापूनच खाते." ते दोघं लई हसले. ती हसली नाही. त्या दिवसानंतर माझ्यासमोर तिनं काटा हातात घेतला नाही. मी पुढं दुकानात असलो की आतून ताटावर काटा लागल्याचा आवाज यायचा.

सहल खरं तर दिवाळीनंतरची होती. रब्बीच्या बियाणांची विक्री बुडेल म्हणून मी कंपनीला सांगून पाचही जणांची तारीख पुढं ढकलून घेतली. मार्चची घेतली. संक्रांतीच्या चार दिवस आधी कौशल्या दुकानापुढं झाडत होती. झाडता झाडता खाली बसली. मला वाटलं दमली. मेंदूत रक्त सांडलं होतं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात दोन दिवस होती, दीपा तिच्या उशाशी होती. एक शब्द न बोलता गेली.

तारीख मी ढकलली हे दीपाला माहीत नाही. तिला वाटतं कंपनीनंच बदलली.

मार्च आला तसं मी येत नाही असं कंपनीला कळवायला निघालो होतो. दीपा म्हणाली, "आबा, तुम्ही जा. आईनं साडी बी घेऊन ठेवलीय. तुम्ही गेला न्हाईत तर कुणीच गेलं न्हाई असं होईल." गावात कुणी म्हणालं की बायको जाऊन तीन महिने झाले नाहीत आणि हा निघाला मजा करायला. त्यांना काय सांगायचं. मी दोन कपडे घेतले आणि तिचा तो काटा रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला.

कंपनीच्या यादीत तिचं नाव तसंच होतं, मी कळवलंच नव्हतं. बंदरावर माझ्या नावाचं कार्ड मिळालं. खिडकीतल्या बाईनं विचारलं, "मॅडम?" मी म्हणालो, "येणार नाहीत." तिनं कौशल्याचं कार्ड बाजूला ठेवलं.

खोली आमच्या गोदामाच्या निम्मी होती. जहाजावर तिला केबिन म्हणतात. दोन पलंग जोडून एक केलेला, दोन उशा, दोन टॉवेल, कपाटात दोन नारिंगी जाकिटं. टॉवेलांचे हंस करून ठेवले होते, एकमेकांकडं तोंड करून. मी कडेला बसलो. त्या हंसांना हात लावला नाही, अंघोळीनंतर माझ्या पंच्यानंच अंग पुसलं.

बाहेर आमच्या मंडळींचा गोंधळ चालला होता. पाचही खोल्यांच्या दारापुढं चपला काढलेल्या. साफसफाई करणारा माणूस त्या उचलून आत ठेवायचा, आमचे लोक परत बाहेर काढायचे. माजलगावचे अर्जुनराव बोळातूनच गेवराईच्या बिभीषणला हाका मारत होते. भिंतीवर शांतता राखा असं लिहिलं होतं. अर्जुनरावांची बायको वनमाला त्यांना म्हणाली, "अवो हळू. शेत न्हाई हे, पलीकडं लोक झोपलेत."

"दिवसा झोपायचं तर घरी ऱ्हायचं व्हतं की," अर्जुनराव म्हणाले.

संध्याकाळी जेवायला आम्ही सगळे एका मोठ्या टेबलाला बसलो. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. वाढायला एक पिकल्या केसांचा वेटर होता. मालवणकडचा निघाला, मराठी बोलायचा. त्यानं सगळ्यांपुढं वाट्या ठेवल्या.

"हे काय रे, पिवळं पाणी?" अर्जुनराव.

"सूप हाय. जेवायच्या आधी पितेत," बिभीषण म्हणाला.

"आधीच पोट भरवतेत व्हय? म्हंजी जेवण कमी लागतं. आपल्या मुकादमाचं डोकं हाय यांच्यात."

सगळे हसले. मीही थोडा हसलो. मग पराठे आले, डाळ आली, पनीरची भाजी आली. मी हातानंच खाल्लं. काटा-सुरी ताटाच्या कडेला पडून होती. पोट भरलं तसा मी पराठ्याचा चतकोर आणि थोडी डाळ ताटात ठेवली आणि हात धुवायला उठलो. हे मी ठरवून केलं नव्हतं. एकोणचाळीस वर्षं असंच उठलो आहे.

परत आलो तर वेटर माझं ताट उचलत होता. मी धावलो आणि त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. तिचं व्हायचंय आजून."

ताट कलंडलं. डाळ पांढऱ्या कापडावर सांडली. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघू लागली. मी मनगट सोडत नव्हतो.

अर्जुनरावांना मी काय बोललो ते ऐकू गेलं नसावं. ते हसत म्हणाले, "शहादेवराव, सोडा की ते ताट. हितं तुमच्या मागून जेवणारं कोन हाय?"

वनमालानं हातातला घास खाली ठेवला.

"काही कळतंय का तुमाला?" ती नवऱ्याला म्हणाली.

अर्जुनरावांचा चेहरा उतरला. "तसं न्हाई म्हनलो मी. शहादेवराव, देवाशप्पत तसं न्हाई."

मी मनगट सोडलं. केबिनमध्ये न जाता तिथंच एका कोपऱ्यात बसलो. हॉल रिकामा झाल्यावर तो वेटर आला.

"काका, चूक माझी. सुरी-काटा जोडून ठेवलेला दिसला. मला वाटलं जेवून झालं."

"तुमची न्हाई. मला हे सांगितलेलं होतं. मीच ध्यान दिलं न्हाई."

मग मी त्याला सगळं सांगितलं. काट्याचं, सरावाचं, मी चारचौघांत हसलो त्याचं. तारीख ढकलल्याचंही. ओळखीच्या माणसाला मी ते सांगू शकलो नसतो. शेवटी विचारलं, "दोघांपुरतं टेबल असतं का?"

"खिडकीपाशी आहेत. पण उद्या दुपारीच मिळेल. उद्या संध्याकाळी तुमच्या कंपनीचा कार्यक्रम आहे, आणि परवा सकाळी जहाज मुंबईला लागतंय. दुपारी गर्दी फार असते, काका. रिकामी खुर्ची अडवून ठेवता येत नाही, आम्हांला तसं सांगितलेलं आहे. कोणी मागितली तर द्यावी लागते. लवकर या."

म्हणजे एकच जेवण हातात होतं.

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधीच मी हॉलबाहेर उभा होतो. धोतर सोडून पँट घातली होती, कारण जेवणाच्या हॉलमध्ये काय घालावं याचाही तिनं एक व्हिडिओ बघितला होता. मी खिडकीपाशी बसलो. समोरच्या खुर्चीपुढं रुमालातला काटा ठेवला. बाहेर नुसतं पाणी होतं.

हॉल भरत गेला. लोक ताटं घेऊन जागा शोधत फिरू लागले. एका बाईनं विचारलं, "ये खाली है?" मी मान हलवली, कशी हलवली ते मलाच कळलं नाही, पण ती पुढं गेली. मग हाफ पँट घातलेला एक माणूस आला आणि त्यानं विचारायच्या आधीच खुर्ची मागं ओढली. मला बोलायचं होतं. पण काय सांगणार होतो? तिथं कुणीच नव्हतं.

खुर्चीच्या पाठीवर एक जाड हात पडला. अर्जुनराव होते.

"खाली नै है भाई. हमारी भाभी का जगा है."

त्या माणसानं इकडंतिकडं बघितलं. "किधर है?"

"खाना खा रही है. आप उधर देखो."

तो पुटपुटत गेला. अर्जुनरावांनी खुर्ची पुन्हा टेबलाला लावली. शेजारच्या टेबलाची एक खुर्ची ओढून वाटेत आडवी टाकली आणि आमच्याकडं पाठ करून बसले. वनमाला त्यांचं ताट तिथंच घेऊन आली.

"कोनी येत न्हाई आता," ते मागं न बघता म्हणाले. "जेवू द्या वहिनीला सावकाश."

वेटर दोन वाट्या सूप घेऊन आला. माझ्यापुढं ठेवायला लागला तसं मी म्हणालो, "आधी तिला."

त्यानं तिच्यापुढं ठेवलं. मग पराठा, डाळ, भाजी, भात, आधी तिच्या ताटात, मग माझ्या. मी तिचा काटा आणि जहाजाची सुरी तिच्या ताटात फुलीसारखी ठेवली. माझ्या ताटाला हात लावला नाही.

भूक लागली होती. सकाळी नुसता चहा घेतला होता. समोर गरम जेवण होतं, वाफ येत होती, आणि मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. थोडा वेळ गेला तसं मी मनाशी म्हणालो की आता खावं. मग आठवलं, तोडीवर ती पहाटे उठून भाकऱ्या करायची आणि माझं होईपर्यंत अशीच बसायची. कोपीच्या दारात, हात मांडीवर. मी कधी लवकर आटपलं नाही. कधीकधी जेवता जेवता मुकादमाशी गप्पा मारत बसायचो.

मी काहीतरी बोलावं म्हणून हळू आवाजात म्हणालो, "मीठ कमी हाय का गं?"

वाफ थांबली. डाळीवर साय धरली. हॉलमधली माणसं उठू लागली, ताटं उचलल्याचे आवाज येऊ लागले. वेटर दोनदा आमच्या टेबलापाशी आला. दोन्ही वेळा त्यानं तिच्या ताटातली फुली बघितली आणि परत गेला. अर्जुनरावांचं जेवण केव्हाच झालं होतं. ते बसून होते. वनमाला डोळ्यांना पदर लावत होती.

शेवटी हॉलमध्ये आम्हीच उरलो. पलीकडं खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवायला सुरुवात झाली. वेटर तिसऱ्यांदा आला आणि उभा राहिला. त्याला विचारायचं नव्हतं, पण दार बंद करायची वेळ झाली होती.

मी हात लांब केला. तिचा काटा आणि सुरी उचलली आणि तिच्या ताटात शेजारी शेजारी ठेवली.

वेटर ताट उचलायला वाकला. मी म्हणालो, "हे न्हाई. माझं न्या."

त्यानं माझं भरलेलं ताट नेलं. मी तिचं ताट माझ्याकडं ओढलं आणि जेवायला लागलो. पराठा वातड झाला होता. भात गार आणि कडक. डाळ थिजली होती, पाण्याबरोबर गिळली. ती एवढी वर्षं असं जेवली आणि एकदाही म्हणाली नाही.

मी ताटात काही ठेवलं नाही. बोटानं पुसून घेतलं. मग तिचा काटा धुऊन आणते म्हणून वनमालानं हात पुढं केला. मी तो दिला नाही. तसाच रुमालात गुंडाळला.