लिफ्टचं मतदान

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. दुरुस्त करायची की कायमची बंद ठेवायची, हे ठरवायला तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत सभा भरली. चौथ्या मजल्यावरच्या शिंपीणबाई सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या. लिफ्ट बंद पडल्यापासून त्यांच्या वडिलांची चाकाची खुर्ची घराबाहेर पडली नव्हती.

"दुरुस्त करा. माझं मत धरा," त्या म्हणाल्या.

"बाई, तुम्ही भाडेकरू," पाचव्या मजल्यावरचे अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले. "मत मालकाचं."

"माझे मालक परदेशात असतात."

अध्यक्षांनी लगेच मालकांना स्पीकरवर फोन लावला. "आपल्याकडे लिफ्ट आहे?" मालकांनी कौतुकानं विचारलं.

सभेत हशा पिकला. तिसऱ्या मजल्यावरचे वकील उठले. "हा अन्याय आहे. राहील त्याचं मत."

"वा," औषधवाले उखडले. त्यांची दोन घरं कुलूपबंद होती. "देखभालीचे पैसे मी वेळेवर भरतो. भरेल त्याचं मत."

वकील एकदम छताकडे बघू लागले. त्यांची थकबाकी जिन्यालासुद्धा ठाऊक होती.

"मीही भरतेच की, भाड्यातून," शिंपीणबाई म्हणाल्या.

"ते मालकांनी भरलं असं धरतात," अध्यक्षांनी समजावलं.

"आणि रोज जिने चढते, ते?"

"ते गुडघ्यांनी भरलं असं धरतात," मागून कोणीतरी म्हणालं.

शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला. घर स्वतःचं हवं, राहणं इथलं हवं आणि थकबाकी नको. ज्याच्याकडे या तिन्ही गोष्टी असतील, त्यालाच मत. दुसऱ्याचा पत्ता कटतोय या आनंदात सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकेक जण गळू लागला. आपलं घर मेव्हण्याच्या नावावर आहे, हे अध्यक्षांना सर्वांत शेवटी आठवलं.

उरल्या एकट्या तळमजल्यावरच्या मावशी.

"मावशी, लिफ्टचं काय करायचं?"

"मला कुठं चढायचंय? उगाच खर्च. बंदच ठेवा."

"मावशी, माझे वडील वर अडकलेत हो," शिंपीणबाई म्हणाल्या.

"अगं, मग त्यांना खाली पाठव की. बसू गप्पा मारत."

ठराव एकमतानं मंजूर झाला. वकिलांनी टाळ्याही वाजवल्या.

वर जाताना दुसऱ्या मजल्यावर अध्यक्ष कठडा धरून धापा टाकत उभे होते. मागून शिंपीणबाई आल्या.

"ताई, जरा हात देता का?"

"देते की. पण आधी सभेला विचारा, भाडेकरूचा हात चालतो का ते," असं म्हणून त्या वर निघून गेल्या. वडिलांच्या जेवणाची वेळ झाली होती.