सोळा नंबरचं टोक

“धर तिचा हात,” सुपरवायझर म्हणाला आणि मी धरला.

तिचा म्हणजे माझ्या थोरल्या जावेचा. कॉलर जोडताना मशीनची सुई तिच्या उजव्या तर्जनीत नखातून घुसली आणि मोडली. कारखान्याचा नियम असा, की मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे कागदावर चिकटवल्याशिवाय नवी सुई मिळत नाही आणि लाइन सुरू होत नाही. गिऱ्हाइकाला शर्टात सुई सापडली तर बोभाटा होतो. बाईच्या बोटात राहिली तर कोणाला काय त्याचं! दोन तुकडे मिळाले, टोक मिळेना. सुपरवायझरची मान लांब, म्हणून आम्ही त्याला पाठीमागे बगळा म्हणायचो. तो पकड घेऊन तिचं बोट उकरत राहिला. मग त्याने ब्लेडने बोट चिरलं. ती किंचाळली तेव्हा तिच्या तोंडात चिंधी कोंबली. माझा हात सैल पडला, तेव्हा माझ्या कानाखाली वाजवली. मी पुन्हा घट्ट धरलं.

टोक निघालंच नाही. जावेची शुद्ध हरपली होती. बगळ्याने खिशातून दुसरंच एक टोक काढून कागदावर चिकटवलं, खाली ‘सर्व तुकडे मिळाले’ असं लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. साक्षीदाराची सही लागायची.

“कर. नाहीतर दोघीही उद्यापासून घरी.”

मी केली. घाबरले होते, खोटं कशाला सांगू.

पुढे बारा दिवस ती म्हणत होती, आत काहीतरी टोचतंय. कारखान्याचा डॉक्टर तो कागद बघून म्हणायचा, तुकडे पूर्ण आहेत, हे मनाचे खेळ. मीही म्हटलं, होईल बरं. बोट काळं पडलं, सूज कोपरापर्यंत चढली, शेवटी ते मुळापासून कापलं. अंगठाही ताठला. सात वर्षं झाली, तिची बटणं रोज मीच लावते. तू आहेस म्हणून निभतंय बाई, असं ती म्हणते, आणि मी पुढचं बटण काजात घालते.

कारखाना बंद पडला. रद्दीत गेलेले सुयांचे ते कागद एका चित्रकार बाईने विकत घेतले, काचेत घालून भिंतभर लावले आणि बघायला आम्हा जुन्या कामगारणींना बोलावलं. तिथे काय ठेवलंय आपलं, असं म्हणून मी जावेला अडवून पाहिलं. ऐकेल तर ती कसली.

चित्रकार बाईने आम्हाला नेमकं एका चौकटीपाशी नेलं. कागदावर तपकिरी डाग होता. प्रदर्शनातलं हे सगळ्यात बोलकं, असं ती सांगत होती. जावेने तारीख वाचली आणि काचेला जवळजवळ नाक लावलं.

“हे टोक सोळा नंबरचं आहे,” ती म्हणाली. “जाड कापडाचं. माझ्या मशीनला अकराची सुई होती.”

चित्रकार बाईला काही कळलं नाही. जावेची नजर खाली माझ्या सहीवर आली. शेवटच्या अक्षराला शेपूट काढून सही करायला मला तिनेच शिकवलं होतं.

“तुला ठाऊक होतं. बाराही दिवस.”

“हो, ताई.”

ती वळून दाराबाहेर पडली, मी मागोमाग गेले. बाहेर गारठा होता. सवयीने माझा हात तिच्या स्वेटरकडे गेला. तिने तो बाजूला सारला, भिंतीला टेकली आणि डाव्या हाताने सगळ्यात खालचं बटण काजात घालू लागली. ते दोनदा निसटलं. मी हात मागे घेऊन शेजारी उभी राहिले.